वही सर्वांची, सत्ता कोणाची?

मासवणच्या आमच्या एका तरुण साथीने गेल्या पावसाळ्यात घराच्या ओटीवर एक जुना संगणक आणून बसवला. हा साथी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. विजेची कामे करतो. कुठल्याशा कारखान्याने भंगारात काढलेले यंत्र त्याने स्वस्तात घेतले, त्यात एक टेराबाइटची नवी डिस्क घातली, लिनक्स ही मुक्त प्रणाली चढवली आणि बिटकॉइनचा ‘नोड’ सुरू केला. यंत्राला पडदा नाही, कळफलक नाही. कोपऱ्यात घरघरणारा नुसता पत्र्याचा डबा. पावसाळ्यात मासवणला वीज किती वेळा जाते हे या भागातील वाचकांना सांगायला नको. वीज गेली की डबा मुका होई, आली की जेथे थांबला तेथून पुढे मोजू लागे. असे तीन आठवडे चालले. ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाची पहिली नोंद झाली. त्या दिवसापासून या साखळीवर जगात कोठेही नोंदला गेलेला एकूणएक व्यवहार त्या डब्याने उतरवून घेतला आणि स्वतः तपासूनही घेतला. साडेसहाशे गिगाबाइटांहून मोठी ती वही आता सूर्येच्या काठी एका ओटीवर नांदते आहे.

मी ती पाहायला मुद्दाम गेलो आणि मनापासून कौतुक करून परतलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे ते कौतुकाचे नाही.

या साथीने शाखेच्या बैठकीत एक ठराव मांडला आहे. कंत्राटी कामगारांच्या वर्गणीतून जमलेला आपला संघर्ष निधी सहकारी बँकेतून काढावा, बिटकॉइनमध्ये ठेवावा आणि त्याची राखण आपल्याच नोडवरून करावी, असा तो ठराव आहे. रक्कम दोन लाखांच्या आतली आहे. पण ती कोणाच्या घामाची आहे हे आपण सारे जाणतो. बैठकीत बुजुर्ग साथी हसले. ‘हा सट्टा आहे, बस खाली’ एवढ्यात एकाने निकाल लावला. मला ते हसणे रुचले नाही. ज्या चळवळीत विचारलेल्या प्रश्नाला हसून उत्तर दिले जाते, तेथे पुढच्या वेळी प्रश्न विचारणारा येत नाही. तीस वर्षे वर्गात चलनशास्त्र शिकवले, तेव्हा उत्तर देण्याचे काम माझ्याकडे येते असे मी समजतो.

प्रथम त्याची तक्रार. ती शंभर टक्के खरी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री एका घोषणेने आपल्या खिशातील नोटा रद्द झाल्या. कामगार रोजगार बुडवून रांगेत उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदाराला प्रारंभी सहा महिन्यांत एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. आणि आता आपल्या घरातले उदाहरण घ्यायचे तर, १९६८ साली जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईच्या कामगारांसाठी ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ स्थापन झाली. पुढे तिचे नाव ‘न्यू इंडिया’ झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा तिच्या तिजोऱ्यांतून १२२ कोटींची रोकड नाहीशी झाल्याचे उघडकीस आले. ऑगस्ट २०२५ मध्ये ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. समाजवादी चळवळीच्या कुशीत जन्मलेल्या बँकेची ही गत व्हावी, आणि आपण त्यावर आपल्या अभ्यासवर्गात अर्धा तासही बोलू नये, यात त्या तरुणाच्या रागाचे अर्धे मूळ आहे.

तो म्हणतो, “सर, वही प्रत्येक ठेवीदाराच्या घरी असती, तर हे घडले असते का?”

घडले असते. त्या बँकेच्या वहीत रोकड शिल्लक होतीच, तिजोरीत नव्हती. वही दहा हजार घरांत नकलून ठेवली असती तर ‘रोकड शिल्लक आहे’ हे वाक्य दहा हजार घरांत लिहिलेले राहिले असते. तिजोरी उघडून नोटा मोजायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला आत जाण्याचा अधिकार कायद्याने द्यावा लागतो. यावर साथीचे उत्तर तयार होते: बिटकॉइनमध्ये वही हीच तिजोरी आहे, वहीबाहेर काही नाहीच. मुद्दा चतुर आहे. पण मग १८ जुलै २०२४ रोजी काय झाले ते पाहू. मुंबईतून उभ्या राहिलेल्या ‘वझीरएक्स’ या आभासी चलनांच्या बाजारातून सुमारे २००० कोटी रुपयांची मालमत्ता एका दिवसात चोरीला गेली. त्या तिजोरीलाही एकाहून अधिक सह्या लागत होत्या. चोरांनी लागतील तेवढ्या सह्या फसवणुकीने मिळवल्या आणि माल उचलला. त्या साखळीच्या जगभरातील प्रत्येक नोडने तो व्यवहार काटेकोर तपासला, सह्या बरोबर आहेत असे पाहिले आणि ‘वैध’ म्हणून नोंदवून घेतला. चोरी आणि विक्री यांतला फरक नोडला कळत नाही. तो कळावा अशी त्याची रचनाच नाही. ग्राहकांना मात्र कंपनीच्या देण्याघेण्याचा निवाडा सिंगापूरच्या न्यायालयात कधी होतो याकडे डोळे लावून बसावे लागले. राज्यसंस्थेवाचून चालणारे म्हणून ज्या चलनाची वाखाणणी होते, त्याचा धनको शेवटी न्यायालयाच्याच पायरीवर येऊन बसला, आणि तीही परक्या देशाच्या.

आता नोड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शब्दाचा अर्थ जाळ्यातील गाठ. नवीन नोंदींचे गट साधारण दर दहा मिनिटांनी बनतात; ते बनवण्याची एक अवाढव्य गणिती शर्यत असते आणि ती जिंकणाऱ्याला नवी नाणी मिळतात. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस दर गटामागे ३.१२५ नाणी आहे. ही शर्यत धावणाऱ्यांना ‘खाणवाले’ म्हणू. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार त्यांची वीज वर्षाला दहा हजार कोटी युनिटांच्या वर जाते. नोडवाला या शर्यतीत नाही. त्याचे यंत्र एखाद्या पंख्याइतकी वीज खाते, आलेला गट नियमांप्रमाणे आहे की नाही ते पाहते, बरोबर असेल तर ठेवून घेते आणि पुढच्या गाठीकडे पाठवते. या कामाबद्दल त्याला एक पैसाही मिळत नाही.

म्हणजे मासवणच्या साथीला नेमके काय मिळाले? मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितले. साऱ्या तालुक्याचा सातबारा तुझ्या ओटीवर आला. कोणाच्या नावावर किती जमीन आहे ते तलाठ्याची मनधरणी न करता तू वाचू शकतोस, आणि खोटी नोंद आली तर नाकारू शकतोस. पण त्या साताबाऱ्यावर तुझे नाव नाही. या चलनाची एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जाणार नाहीत असा नियम आहे, आणि त्यांतली निम्मी नोव्हेंबर २०१२ पर्यंतच वाटून संपली होती. हे कोणाच्या संशोधनाचे अनुमान नव्हे, नियमातूनच निघणारे गणित आहे: पहिल्या २ लाख १० हजार गटांना प्रत्येकी ५० नाणी. त्या वेळी हा साथी प्राथमिक शाळेत असेल. ज्यांना आधी कळले त्यांनी आधी घेतले. मागून आलेल्याने बाजारभावाने विकत घ्यावे आणि पहिल्यांच्या मालकीवर पहारा करावा. कूळकायद्याच्या आधीचे ठाणे जिल्ह्यातील जमीनदार याहून वेगळे काय मागत होते?

त्याने २०१७ चा दाखला दिला. तो प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. त्या वर्षी मोठमोठ्या खाणवाल्यांनी आणि कंपन्यांनी मिळून गटांचा आकार वाढवण्याचा बेत केला होता. आकार वाढला की वही फुगते आणि घरगुती यंत्रावर ती चालवणे अवघड होते. सामान्य नोडवाल्यांनी कडाडून विरोध केला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. चळवळीच्या माणसाला ही गोष्ट आवडावी अशीच आहे. परंतु त्या विजयात मिळाले काय, तर नियम न बदलू देण्याचा अधिकार. नकाराधिकार हे दुर्बलाचे हत्यार असू शकते. पण वाटणी आधीच विषम झालेली असेल, तर ‘काहीही बदलू नये’ हा नकार कोणाच्या पथ्यावर पडतो? दरम्यान शर्यतीची निम्म्याच्या आसपास ताकद अलीकडच्या वर्षांत दोनच मोठ्या संघांच्या हाती एकवटली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोखे-नियामकाने बिटकॉइनवर आधारलेल्या फंडांना परवानगी दिली, आणि जगातील सर्वांत मोठी गुंतवणूक कंपनी ब्लॅकरॉक त्या बाजारात उतरली. बँकांना हटवण्यासाठी निघालेली वरात वॉल स्ट्रीटच्या मांडवात जाऊन बसली.

साथीने लोहियांचेही नाव घेतले. छोटे यंत्र, चौखंबा राज्य, विकेंद्रीकरण: हे सारे नोडमध्ये आहे असे त्याचे म्हणणे. मला त्याच्या वाचनाचा आनंद झाला आणि निष्कर्षाचे दुःख. चौखंबा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर निर्णयाचा भार वाटलेला आहे. गावाने ठरवावे, गावाने खर्च करावा, चुकले तर गावाने दुरुस्त करावे. येथे हजारो ठिकाणी वाटली गेली आहे ती नक्कल. ठरवण्याजोगे गावाकडे काही सोपवलेलेच नाही. रेशन दुकानाच्या भिंतीवर दरपत्रक लागले म्हणून दुकान गावाचे होत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो. या वहीचा सर्वांत मोठा गुण म्हणून जो सांगितला जातो, की तीत एकदा लिहिले ते कोणालाही पुसता येत नाही, तोच मला तिचा सर्वांत मोठा दोष वाटतो. पुसता न येणारी वही ही सावकाराची जुनी स्वप्नसृष्टी आहे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली. त्यांना दागिने किंवा धान्य यांपेक्षा कागद हवे होते: गहाणखते, कर्जरोखे, हुकूमनामे. ते मिळवून त्यांनी चौकात होळी केली. दंगल पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरली, चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. त्या कायद्याने न्यायालयाला काय अधिकार दिला? कर्जाचा हिशेब मुळापासून तपासण्याचा आणि रोख्यात लिहिलेली रक्कम डोळे झाकून न मानण्याचा. लिहिले आहे म्हणून ते न्याय्य नाही, हे तत्त्व इंग्रज सरकारकडून शेतकऱ्यांनी कागद जाळून कबूल करून घेतले.

आपल्या भागात फार लांब जाण्याची गरज नाही. पावसाळ्यात घरचे धान्य संपले की खावटी घ्यायची आणि सुगीला सवाई-दिढीने फेडायची. लग्नासाठी चार पैसे घेतले तर आयुष्यभर लग्नगडी होऊन राबायचे. वही सावकाराची, अंगठा वारल्याचा. १९४५ मध्ये डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली. ती लढाई लाल बावट्याची होती. तिचे श्रेय देताना आपल्यातील काहींची लेखणी आजही अडखळते, हा क्षुद्रपणा आता सोडावा. सत्तरच्या दशकात पालघर-मनोर पट्ट्यात काळूराम धोदडे आणि भूमिसेनेने सावकारांकडे गेलेल्या आदिवासी जमिनींचा प्रश्न धसाला लावला. १९७४ चा आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा, १९७५ चा कर्जमुक्ती कायदा आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा यांनी काय केले? त्यांनी जुनी नोंद रद्द करून नवी नोंद केली. तलाठी दप्तरात तिला ‘फेरफार’ म्हणतात. खरेदीखत कायदेशीर होते, अंगठा खरा होता, साक्षीदार हजर होते. आणि तरीही लोकनियुक्त विधिमंडळाने सांगितले की हा व्यवहार आम्ही मानत नाही, जमीन परत करा. या पट्ट्यातील चळवळीची उभ्या आयुष्याची कमाई एका शब्दात सांगायची तर ती फेरफार आहे. आणि आमचा तरुण साथी ज्या वहीवर भाळला आहे तिच्यात फेरफाराचा रकानाच नाही! बंधुत्वाच्या या चलनात कर्जमुक्तीचा ठराव करायला विधानसभा कोठून आणणार?

यावर म्हटले जाते की सरकारच्या हाती फेरफाराचा अधिकार दिला की सरकार नोटा छापत सुटते आणि गरिबाचा रुपया कुजतो. या आक्षेपाचे वजन मोठे आहे, कारण त्यामागे डॉ. आंबेडकर उभे आहेत. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. चलनाची निर्मिती सरकारच्या मर्जीवर न सोपवता तिला कायद्याची निश्चित मर्यादा घालावी, असे त्यांचे स्पष्ट मत होते. आजचे बिटकॉइनवाले त्यांचे नाव घेतात ते एवढ्यावरच. पण बाबासाहेबांनी मर्यादा मागितली ती कशासाठी? रुपयाची वस्तूंच्या रूपातील खरेदीशक्ती स्थिर राहावी म्हणून. ती ढळली की मजुरी करणारा प्रथम मरतो, हे त्यांनी ओळखले होते. आता हीच कसोटी बिटकॉइनला लावू. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका नाण्याचा भाव ६९ हजार डॉलरच्या घरात होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो सोळा हजारांखाली घसरला. डिसेंबर २०२४ मध्ये तो एक लाखावर गेला, हेही सांगतो, म्हणजे मी सोयीचे तेवढेच आकडे निवडले असे कोणी म्हणू नये. संख्या लोखंडासारखी पक्की आणि मोल पाऱ्यासारखे चंचल, अशी ही चीज आहे. संप कोणत्या महिन्यात करायचा हे मालकाची नोटीस ठरवते. त्या महिन्यात भाव सोळा हजार असेल तर चुली कशावर पेटवायच्या?

सरकारबद्दल दोन वाक्ये, कारण त्याच्या भूमिकेला याहून अधिक जागा देण्याजोगे तिच्यात काही नाही. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास फर्मावले, मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले आणि २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर बसवला. या धंद्याला मान्यता द्यायची नाही, ग्राहकाला संरक्षण द्यायचे नाही आणि हिस्सा मात्र घ्यायचा. अड्ड्यावरून हप्ता नेणारा हवालदार निराळे काय करतो? मधल्या काळात पुण्यापासून देशभर ‘गेनबिटकॉइन’वाल्यांनी दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून अनेक मध्यमवर्गीय घरे धुऊन नेली. आमचा साथी त्या जातीचा नाही. तो कोणाला काही विकत नाही, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे.

निधीचा प्रश्न व्यवहाराचाही आहे. आपली रक्कम दोन लाखांच्या आतली आहे. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा पूर्वी एक लाख होती. पीएमसीचे ठेवीदार रस्त्यावर उतरले, त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. पुढे २०२१ मध्ये बँक अडकली तर ही रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली. अपुरी असेल, पण ही भांडून मिळवलेली गोष्ट आहे. उलट नोडवरच्या नाण्यांची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांचा एक कागद. तो पुरात वाहून गेला, तर निधी साऱ्या जगाला वहीत दिसत राहील आणि कोणालाच काढता येणार नाही. तिघांपैकी दोघांच्या सह्यांची सोय आहे, असे साथी म्हणतो. तशी सोय आपल्या खात्यालाही आहे. फरक इतकाच की आपल्यातल्या दोघांची नियत फिरली तर खात्यासाठी पोलीस ठाणे आणि न्यायालय शिल्लक राहते.

ठरावाविरुद्ध मी हात वर करणार आहे. परंतु त्याच बैठकीत एक उपसूचनाही मांडणार आहे, कारण त्या ओटीवरच्या डब्यात एक गोष्ट खरोखरच आपली आहे: लिनक्स. १९९१ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते सुरू केले. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात आपले श्रम ओतले, आणि त्याच्या परवान्याची अट अशी की बदल करून ते इतरांना द्याल, तर बदलही सर्वांना खुले ठेवा. सामाईक श्रमाची सामाईक मालकी याहून सरळ शब्दांत कोणी लिहिलेली मला ठाऊक नाही. ते शिकायला आमच्या साथीला कोणा महाविद्यालयाने मदत केली नाही. रात्रपाळीनंतर जागून तो शिकला.

उपसूचना अशी: यंत्र शाखेने साथीकडून रीतसर मोबदला देऊन घ्यावे. संघर्ष निधी बँकेतच राहावा. त्याची पै न् पैची जमाखर्चवही त्या यंत्रावर ठेवावी आणि प्रत्येक वर्गणीदाराला ती केव्हाही पाहता यावी. आपल्या निधीचा हिशेब आपण वर्षातून एकदा, तोही घाईघाईने वाचतो, हे न हसणाऱ्या त्या तरुणाने आपल्या लक्षात आणून दिले आहे. त्याच यंत्रावर दुसरी वही सूर्या नदीच्या पाण्याची असावी. धामणी आणि कवडास ही धरणे या भागातील शेती भिजवण्यासाठी म्हणून बांधली गेली, आणि वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना त्याच पाण्यावर आखली गेली. कोणत्या कालव्याला किती दिवस पाणी सुटले, किती सुटायला हवे होते, नळातून किती गेले: माहितीच्या अधिकारात मागवलेले आकडे आजवर कार्यकर्त्यांच्या पिशव्यांतून फिरत राहिले आणि पावसात भिजून गेले. ते एका ठिकाणी, तारीखवार, कोणालाही उतरवून घेता येतील असे ठेवावेत. साथीला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, पण हे आकडे खरे की खोटे हे यंत्राला कसे कळणार?” कालव्यावर जाऊन पाहावे लागेल, मी म्हटले, आणि पुढच्या रविवारी आम्ही दोघे निघणार आहोत.